चौथी चिंधी

अण्णा, टक्, टक्, टक्, टक्. पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या गॅरेजातला तो आवाज सकाळपासून कानातून जात नाही. इंजिन उघडलं की हवा आत जायच्या चार तोंडांत तुम्ही चार चिंध्या कोंबायचात, एखादा नट आत पडू नये म्हणून. बंद करताना एक चिंधी काढली की मडगार्डवर बोटाची एक टकटक. चार झाल्या की नुसतं "हं", आणि मगच हात पुढच्या कामाला. आज मी तिसऱ्या टकटकीवर अडकलोय. चौथी चिंधी सापडत नाही.

गाडी तुमच्या पणतीची, म्हणजे माझ्या नातीची. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. नखांत तुमच्यासारखंच ग्रीस असतं तिच्या. लाल, दोन माणसांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार आहे. तिला आता सुपरचार्जर बसवायचाय, म्हणजे इंजिनच्याच पट्ट्यावर फिरून हवा जबरदस्तीनं आत ढकलणारं यंत्र. बसवणारा फिटर वेगळा आहे, पण आधीची तयारी आजोबाच करणार, असं ती गावभर सांगून बसली. मी आयुष्यभर शाळेत कविता शिकवल्या. पाना धरला तो फक्त सुट्ट्यांत, तुमच्या हाताखाली. तरी हो म्हणालो. आता निजामपुऱ्यातल्या घराच्या पोर्चमध्ये रोज वाकलेला असतो. शेजारच्या गुजराती बेन कुंपणावरून विचारतात, "दादा, आ उंमरे रेस लगाववानी?"

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं, सारखं आलं. प्लग बदलले, पाण्याचे पाइप बदलले. हवेच्या नळ्यांचा वरचा मॅनिफोल्ड काढून हवेची तोंडं खरवडून लख्ख केली. आणि हे सगळं करताना मी काय करत होतो? पाचवीच्या पुस्तकातली एक कविता चालीवर म्हणत होतो. दुसऱ्या कडव्याची सुरुवात आठवेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. त्या नादात चिंध्या तीन कोंबल्या की चार, देव जाणे. दोन दिवस शोधतोय. टॉर्च मारून डोळे दुखले. तोंडं पुढे अशी वळलेली की आतलं काही दिसत नाही. कचऱ्याची बादली अंगणात उपडी केली. खिसे तपासले, कपाट तपासलं, चिडून हिच्या, तुमच्या सुनेच्या, फोटोमागेही पाहिलं. चिंधी तिच्याच जुन्या साडीची, म्हणून तिलाच विचारल्यासारखं. इंजिनावरचं हेड उतरवल्याशिवाय खात्री होणार नाही, आणि हेड उतरवणं आता माझ्या मनगटांना झेपणारं नाही. साध्या इंजिनानं एखादे वेळी सोसलंही असतं. हे यंत्र वाटेत असेल ते सगळं आत ढकलणार.

करजणच्या शेठची गाडी आठवते ना? मी तेव्हा कॉलेजात नुकता गेलेलो. तुम्ही दुसऱ्या गाडीखालून विचारलंत, "किती?" मी म्हणालो, "चार." दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर ती गाडी ओढत घेऊन आला. आत शेठ स्टिअरिंग धरून बसलेले, लग्नाच्या घोड्यावर बसावं तसे ताठ. हेड उचललं, तर व्हॉल्व्हपाशी जळकी चिंधी. शेठ म्हणाले, "भाई, में गाडी सुधारवा आपेली के कपडां धोवा?" गाडी दुरुस्तीला दिलेली की कपडे धुवायला, असं. तुम्ही हात जोडलेत. माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुझ्या कवितेत एक ओळ गळली तर कुणी मरत नाही. इथं मरतं. वही घरी ठेवून येत जा." त्या दिवसापासून ती टकटक सुरू झाली. मला "किती?" असं तुम्ही पुन्हा कधीच विचारलं नाहीत. स्वतःच्या कानानं मोजायला लागलात. बोलण्यापेक्षा तेच जास्त लागलं. चिडायचो मी त्या आवाजावर, आणि आज तोच आवाज पुरा व्हावा म्हणून तडफडतोय.

काल नातीचा फोन आला. "आजोबा, चिंध्या निघाल्या सगळ्या? किती?" तुमचाच प्रश्न, तुमच्याच सुरात. मी म्हणालो, "चार." ती रविवारी येणार, तोवर सापडेल असं वाटलं. खरं सांगितलं असतं तर ती रागावली नसती, गोड बोलून पाना काढून घेतला असता माझ्या हातातून. तेच नको होतं.

आणि अण्णा, इतकी वर्षं न सांगितलेलं एक सांगतो. शेठच्या गाडीच्या वेळी मी नादात नव्हतो. मी मोजल्या होत्या. तीनच निघाल्या होत्या. शोधायचा कंटाळा, शिवाय संध्याकाळी काव्यगायनाला जायचं होतं, म्हणून चार म्हणालो. तुम्ही कवितेवर राग काढलात आणि मी तिच्याआड लपून राहिलो. वेंधळा नव्हतो, खोटं बोललो होतो. तुम्ही गेलात ते मला वेंधळा समजून.

फाटक वाजतंय. बेन असतील. नाही, ही तर तुमची पणतीच! आज शुक्रवार, ती रविवारी यायची होती. सोबत फिटर, दोघांच्या मध्ये केवढा तरी खोका. "केम छो दादा!" फिटर ओरडतोय. आणि ती दारावर थाप मारत म्हणतेय, "आजोबा, उघडा ना! तुम्ही चार म्हणालात, म्हणून म्हटलं आजच बसवून टाकू."

हा कागद हत्यारांच्या पेटीत जाईल. तीन चिंध्या घेऊन उठतोय. ये म्हणायच्या आधी त्या तिच्या हातात द्यायच्या आहेत.