काकांची जागा

२ मार्च, सोमवार

नवी खोली, नवी नोकरी, नवी वही. खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. दिवसभर खालून मशीनची खडखड येते, पण ऊन भरपूर आणि नळाला पाणी आहे. आणखी काय हवं? बसच्या तिकीट खिडकीमागे निम्मा जन्म गेला आणि आता या वयात मेट्रो, तीही बिनड्रायव्हरची. विमानतळावरून गाडी एकटीच येते, एकटीच जाते. आज पहिल्या डब्यात अगदी पुढे बसून आले, काचेला नाक लावून. लाज वाटली नाही.

काम सोपं. आमचं स्टेशन शेवटचं. माणसं उतरली की डबे रिकामे झाले ना ते बघायचं, फलाटावरचं हिरवं बटण दाबायचं. मग गाडी पुढच्या बोगद्यात जाते आणि दिशा बदलून परत येते. लेकीला फोन केला. शिक्षण संपवून ती पुढच्या शुक्रवारी कायमची घरी येतेय. तिला बजावलं, शेवटच्या डब्यात बस, बरोबर माझ्यासमोर उतरशील.

४ मार्च, बुधवार

इथे एक गंमत आहे. चार नंबरच्या गाडीत, शेवटच्या डब्यातल्या कोपऱ्याच्या सीटवर वाळूचं पोतं पट्ट्याने बांधलेलं असतं. त्याला सगळे काका म्हणतात. काका बसले का, काकांची तब्येत कशी आहे, दिवसभर हेच. स्टेशनचे साहेब म्हणाले, ती गाडी मोकळी बोगद्यात सोडायची नाही, तिला वजन लागतं. तिलाच का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. प्रश्नाला चहाचं उत्तर मिळालं की कुठेतरी पाणी मुरतंय हे समजावं.

७ मार्च, शनिवार

पोतं बोगद्यात जाताना टम्म असतं, येताना ढिलं. दारं तर बंद असतात. सफाईवाल्या मावशी आग विझवायच्या बादलीतली वाळू आणून ते गुपचूप भरतात. मी बघतेय म्हटल्यावर पाठ करून आड उभ्या राहिल्या. विमानतळावरून काय काय येतं ते आपण पेपरात वाचतोच. पोत्यातून माल येत असणार आणि बोगद्यात कोणीतरी उतरवून घेत असणार. साहेब, मावशी, सगळे सामील. उद्या धाड पडली तर बटण दाबणारी मी. लेक घरी आणि आई कोठडीत.

१० मार्च, मंगळवार

आज काकांना उठवलं. मावशी जेवायला गेल्या तेव्हा पोतं ओढत सामानाच्या खोलीत नेलं, आतून कडी लावली, खांद्यापर्यंत हात घातला. नुसती वाळू. धावत येऊन बटण दाबलं. घाईत शेवटचा डबा बघायचा राहिला. गाडी परत आली तेव्हा त्या सीटवर एक चष्मा होता. कोणीतरी विसरलं असेल.

११ मार्च, बुधवार

एक बाई आली होती. म्हणाली, काल नवऱ्याचा फोन आला होता, पोचलो, शेवटच्या डब्यात आहे म्हणून. मग काहीच नाही. मी खिशातला चष्मा घट्ट धरला. मावशी रडायला लागल्या. म्हणाल्या, पोतं बसवायला लागलो तेव्हा कुठे माणसं जायची थांबली होती, काकांना उठवलं कोणी. मी वाळूची बादली उचलली.

१२ मार्च, गुरुवार

पोतं परत बसवलं, तुडुंब भरून. तुडुंबच परत आलं. प्रत्येक फेरीला. मावशी म्हणतात, आता ती वाळूला तोंड लावायची नाही, तिला चटक लागली. साहेबांनी चार नंबर बंद करवली. ती आपली आपण निघाली — बटणाला कोणी हात लावला नव्हता.

लेकीचा फोन बंद. विमानात असणार. निरोप ठेवलाय — टॅक्सी कर, मेट्रो नको — ऐकेल ना ती?

१३ मार्च, शुक्रवार

चार नंबर आली. सगळी दारं उघडली, शेवटच्या डब्याचं नाही. काचेमागे लेक. हसत हात हलवत होती. मग खाली बघितलं तिने — कमरेला तो पट्टा —

पुढच्या डब्यात शिरून आतून धावत गेले. पट्टा सुटेना. तिच्या अंगावरच बसले, तेव्हा सुटला. माझ्या कमरेला बसला.

बोगद्यात

लेक फलाटावर आहे. लागलीच पुढच्या डब्यातून पिटाळली, दार बंद होता होता. ओरडत होती. असू दे. वाचली.

पर्स जवळ आहे, वही आहे. दिवे चालू. कोणीच नाही.

पाय टेकत नाहीत. पट्टा ढिला होतोय — मी नाही सोडला —

पेन जड लागतंय

फलाट. परत आली. दार उघडलं. लेक आत धावत आली — हाक मारली मी — ती सीटकडे बघतेय, माझ्याकडे नाही — मागून मावशी — वाकून वही उच