दुखत नाही, म्हणजे बरं आहे

३० जानेवारी, शुक्रवार
रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४. शहाद्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आजपासून गोळ्या सुरू करा, पायांना जपा, २ मेला परत रक्त तपासू. मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि कपाटात लग्नातल्या शालूखाली ठेवून दिल्या. घेणार नाही. आईचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी एक गोळी, मग दोन, मग इंजेक्शन, मग पायाचं बोट, मग पाय. सुरुवात गोळीनेच झाली होती.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका. चौतीस गावांतल्या बायकांना आहार शिकवते. मला कोण शिकवणार? तीन महिने आहेत. ८.४ चे ६ करून मॅडमच्या टेबलावर ठेवते.

घरी बोलले नाही. चेतनाची दहावीची परीक्षा तोंडावर आहे. शिवाय माझ्या आईचा पाय तिने पाहिलाय. नऊ वर्षांची होती. अजून कुणाच्या पायाला पट्टी दिसली की उठून दुसऱ्या खोलीत जाते.

२ फेब्रुवारी, सोमवार, पहाटे ५.१०
आजपासून. साखर बंद, भात बंद, मैदा बंद. रोज लोणखेड्याच्या कॉलेज ग्राउंडवर पाच फेऱ्या. नवीन शूज आणलेत, गुलाबी पट्ट्यांचे. रोज ही वही लिहायची. खरं लिहायचं.

नियम : ताटात वाढून घेतलं तेच खाणं धरायचं. नाहीतर हिशोब लागत नाही.

सकाळी ७.३०
दोन फेऱ्या झाल्या. तिसरीला ऑफिसचा फोन आला, तो बाकावर बसून घ्यावा लागला. उद्या सात फेऱ्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
ताटात फक्त एक ज्वारीची भाकरी आणि मेथी. कौतुक करावं इतकं कमी. चंदनने डब्यातली साखर-तुपाची पोळी अर्धी परत आणली होती. तिसरीतल्या पोराला किती सांगायचं? ती संपवली. कढईच्या तळाशी शेवभाजी होती. सासूबाई म्हणाल्या, "खाय ले वं, इतलीशी उरनी. भांडं तरी रिकामं व्हई." उभ्याने खाल्ली. ही ताटात नव्हती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
नवे शूज चावले. उजव्या अंगठ्याला फोड आलाय, वाटाण्याएवढा. पट्टी लावली. दुखत अजिबात नाही. म्हणजे किरकोळ.

फेऱ्या : चेतनाच्या परीक्षेनंतर नियमित करणार. पोरगी पहाटे अभ्यासाला उठते, तिला चहा कोण देणार? चहा दोघींचा होतो. बिनसाखरेचा चहा एकटीला पाजणं बरं दिसत नाही, म्हणून दोन्ही कपांत थोडी घातली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
आज विक्रम! ११,४०० पावलं!! मोबाईलमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकलंय. ऑफिसच्या जीपने सातपुड्याच्या बाजूच्या पाच अंगणवाड्या केल्या. रस्ता असा की डोकं टपाला लागत होतं. प्रत्येक दणक्याला ॲपने एक पाऊल धरलं. धरलं तर धरलं. शरीर हललं ना? दणक्यांनीही कॅलरी जळत असणार. हे फिरतीचे दिवस असेपर्यंत ग्राउंडवर वेगळं जायची गरज नाही.

फोड फुटलाय. जागा ओली आहे. दुखत नाही.

५ मार्च, गुरुवार
वजन २.५ किलोने कमी! गरोदर बायकांच्या काट्यावर स्वतः उभी राहून बघितलं, दोनदा. आणि मी तर जेवण फारसं सोडलेलंही नाही. शरीराला शिस्त कळली की ते आपोआप वळतं.

पाणीही वाढलंय. दिवसाला सहा-सात लिटर सहज जातं, तहानच तेवढी लागते. सगळे तज्ज्ञ हेच तर सांगतात, पाणी प्या. बाथरूमच्या फेऱ्या होतात. तेवढंच चालणं.

१२ मार्च, गुरुवार
आज फार चिडले. फुलीबाईंच्या अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. यादीतलं एक मूल हजर नाही. फुलीबाई सेविका म्हणून पंधरा वर्षं काम करतात, त्यांना सगळं ठाऊक असतं. मी घरी गेले तर आईने पोराला कणगीच्या मागे बसवलं होतं. दंड माझ्या दोन बोटांत मावत होता. मी त्या बाईला बरंच बोलले. लपवून काय मिळतं? वजन लिहिलं नाही तर वजन वाढतं का? तुझ्या पोराच्या जिवाशी खेळतेस.

परत येताना फुलीबाई म्हणाल्या, "मॅडम, तिले समजत नाही असं नाही. ती भीते. दवाखान्यात ऱ्हावं लागलं तं बाकीची पोरं कोन पाहील?" मी म्हटलं, भीती वाटते म्हणून आजार थांबतो का. फुलीबाईंनी वजनाची वही पिशवीत घातली. मुद्दा त्यांना पटला असावा.

घरी आल्यावर पट्टी बदलली. थोडा पू होता. हळद लावली. दुखत नाही.

२० मार्च, शुक्रवार
चेतनाची परीक्षा बुधवारी संपली. आता नियमित होणार होते, पण शेजारच्या सरलाबाईंकडे आज कुरडया होत्या. आमच्या कुरडयांना त्या येतात, त्यांच्या कुरडयांना मी. पहाटे चारला गव्हाचा चीक शिजवला. सरलाबाईंचा कायदा पक्का, "चीक खाएबिगर कोनी उठानं नही!" वाटीत दूध आणि साखर घालून चीक हातात दिला. नाही म्हटलं तर त्यांच्या कुरडयांना नाव ठेवल्यासारखं होतं. वाटी म्हणजे ताट नव्हे. तीन वाट्या.

चेतना गच्चीवर कुरडया वाळत घालायला होती. माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, काय? म्हणाली, काही नाही.

२९ मार्च, रविवार
वजन एकूण ४ किलो कमी. ब्लाउज सैल झालेत. हे जेवताना म्हणाले, "लगनना टाइमले व्हती तशी दिसस तू." सोळा वर्षांत उदेसिंगरावांनी केलेलं दुसरं कौतुक. पहिलं माझ्या हातच्या पुरणाच्या मांड्यांचं होतं. ऑफिसातही दोघींनी विचारलं, मॅडम, काय करता? मी त्यांना माझा दिनक्रम लिहून दिला.

संध्याकाळी अक्षरं जरा धूसर दिसतात. चष्म्याची काच घासली गेलीय.

५ एप्रिल, रविवार
आता घरातही मोजे घालते. धुळीपासून जपायला हवं. सासूबाईंना कारण लागतंच. "या उन्हायामा मोजा घालीसन कोन फिरस वं?" सांगितलं, टाचा फुटल्यात, मलम लावलंय. त्यांनी खोबरेल तेलाची बाटली आणून दिली. चांगल्या आहेत बिचाऱ्या.

दुपारी स्वयंपाकघरात फरशीवर डाग पडला. चेतनाने पाहिला. मी म्हटलं, बीट सांडलं. घरात महिनाभर बीट आलेलं नाही. तिने फडकं आणून पुसून घेतलं. पुसताना नाकाशी धरून बघितलं का तिने? मला भास झाला असेल.

डॉक्टरांना दाखवावं का? पण त्या गोळ्यांचं विचारतील. आता गेले तर दोन महिन्यांची मेहनत वाया. सत्तावीस दिवस तर राहिलेत. ६ आकडा दाखवायचा, मग सहज सांगायचं, मॅडम, हे जरा बोटाचं बघता का.

११ एप्रिल, शनिवार
पोषण पंधरवड्याची पाककृती स्पर्धा. परीक्षक मी. नाचणीचे लाडू, शेवग्याच्या पानांचे वडे, राजगिऱ्याची खीर, असे सव्वीस पदार्थ. चाखणं हे सरकारी काम आहे, ते खाण्यात धरणं चुकीचं ठरेल. दोन लाडवांत बरोबरी होती, म्हणून ते परत चाखले.

भाषणही छान झालं. "आई निरोगी तर घर निरोगी." टाळ्या पडल्या.

टेबलाखाली माशा फार होत्या. फुलीबाई वाकून बघत म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याच बुटावर बसून ऱ्हायल्या." म्हटलं, गूळ सांडला असेल. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग फडक्याने वारा घालत तिथेच बसून राहिल्या. कार्यक्रम संपेपर्यंत.

१६ एप्रिल, गुरुवार
शेवटच्या टप्प्यात कडक व्हायचं ठरवलंय. अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली की दहा दिवस फक्त काकडी आणि ताक. अभ्यास शेवटच्या आठवड्यातच होतो, माझी बी.ए. तशीच झाली.

शूज घट्ट होतायत. पाय सुजलाय, पण फक्त उजवा. दोन्ही असते तर काळजी. अंगठ्याचा रंग वांग्यासारखा. उजेड कमी होता, नीट दिसलं नाही. दुखत नाही.

१९ एप्रिल, रविवार, आखाजी. सायंकाळी
आज काय झालं ते शांतपणे लिहिते.

अंगणात चुलीवर खापर ठेवलं होतं. मांडे माझ्या हातचे. घरात दुसऱ्या कुणाला ते दोन्ही हातांवर इतके पातळ फिरवता येत नाहीत. आंब्याचा रस चेतना करत होती. नणंदबाई आलेल्या, चंदन झोक्यावर. वीस-एक मांडे झाले असतील. सासूबाई एकदम ओरडल्या, "मांडा करपना वं! ध्यान कथं शे तुन्हं?" मी खापरावर बघितलं. मांडा छान गुलाबी होता. वास मलाही येत होता. सगळ्या शोधायला लागल्या, काय जळतंय.

माझा मोजा जळत होता. चुलीतून निखारा बाहेर पडला होता आणि माझा उजवा पाय त्याच्यावर होता. कधीपासून, माहीत नाही.

मला काहीच झालं नाही. चटकासुद्धा बसला नाही. सासूबाईंना म्हटलंसुद्धा, बघा, इतके दिवस व्यायाम केला, सहनशक्ती वाढते ती अशी. कुणी हसलं नाही. चेतना रसाचं पातेलं ठेवून आली, रसाच्या हातांनीच माझा मोजा ओढला. मी पाय मागे घेत होते, तिने सोडला नाही. मोज्याबरोबर पट्टी आली, पट्टीबरोबर आणखी काहीतरी. नणंदबाईंनी तोंड फिरवलं.

चेतना दुसऱ्या खोलीत गेली नाही. बघत राहिली. मग म्हणाली, "आजीसारखं झालंय." मी म्हटलं, छे, आजीचं वेगळं होतं, तिला डायबेटिस होता. ती म्हणाली, "शालूखालच्या गोळ्या कुणाच्या आहेत मग?"

हे गाडी काढतायत. रविवारी मॅडम असतात का, विचारायला हवं होतं.

२० एप्रिल, सोमवार. दवाखाना, खाट क्र. ४
साखर ३८६. तीन महिन्यांची सरासरी ११.२. वजन कमी झालं ते साखरेने. पाणी साखरेने. धूसर दिसणंही साखरेने. काल रात्रीपासून इन्सुलिन चालू आहे. अंगठा राहील की नाही, ते चार-पाच दिवसांत सांगतील.

हे बाहेर बाकावर बसलेत. एकदाच आत आले, म्हणाले, "मन्हाबी डोयाले दिसनं नही." म्हणजे माझ्याही डोळ्यांना दिसलं नाही. मी म्हटलं, मी दिसू दिलं नाही. सासूबाईंनी चंदनजवळ निरोप दिलाय, घरची काळजी करू नको.

सकाळी डॉक्टर मॅडम आल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. म्हणाल्या, पायाची एक छोटी तपासणी आहे. प्लास्टिकचा एक बारीक दोरा आहे, तो मी तळव्याला ठिकठिकाणी टेकवीन. डोळे मिटा, स्पर्श कळला की "हो" म्हणा. चेतना पायाशी उभी होती.

मी डोळे मिटले. हे तरी नीट करायचं ठरवलं. सगळं लक्ष पायांकडे लावलं. पंखा वाजत होता, शेजारच्या खाटेवरची बाई कुणाला तरी पेज मागत होती. मॅडम बहुधा काहीतरी शोधत असाव्यात, सुरूच करत नव्हत्या. थांबले. बराच वेळ थांबले. शेवटी विचारलं, मॅडम, करताय ना सुरू?

चेतनाचा आवाज आला, "आई, झालं."