हात केला की थांबणारी गाडी

१४ मार्च, गुरुवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे ठीक. तू आणि भावोजीही मजेत असाल. माझ्या गुडघेदुखीने पुन्हा डोकं वर काढलंय, बाकी तक्रार नाही.

बातमी अशी, की घरामागच्या जुन्या मालगाडीच्या रुळांवरून येत्या रविवारी नवी उपनगरी गाडी सुरू होतेय, आणि पहिली फेरी मी चालवणार आहे. सध्या चाचण्या चालल्यात. प्रवाशांचं वजन म्हणून सीटांवर वाळूची पोती ठेवलीत. इतके गुणी प्रवासी मला पुन्हा मिळायचे नाहीत. पण डब्यातून एकटी चालत गेले, की वाटतं माझी पाठ वळल्यावर ती माना वळवून बघतात.

लाइट रेल नको, याच रुळांवरून गाडी न्या, असं सांगणारा तुझा अहवाल मी आत्ता कुठे वाचला. रस्त्यातून लाइट रेल न्यायची तर अर्धं शहर खणावं लागलं असतं. इथे रूळ तयार होते, लांबून येणाऱ्यांचा वेळही वाचतो. तुझं बरोबर होतं. अप्पांना मात्र लाइट रेल म्हणजे नव्या कपड्यांतली आपली ट्रामच वाटायची. जन्मभर ट्राम चालवलेला माणूस तो. "कुणी हात केला की थांबते ती गाडी. बाकीच्या नुसतं सामान वाहतात," म्हणायचे. अहवालाखाली तुझी सही बघितली आणि त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं.

ते गेले तेव्हाही तू आली नाहीस, याचा मला राग होता. आता नाही. पण कसे गेले ते मी फोनवर नीट सांगितलं नव्हतं. ट्राम बंद झाली तरी ते रोज जेवणाचा डबा घेऊन घरामागच्या शेवटच्या थांब्यावर जाऊन बसायचे, रुळांच्या कुंपणाला लागून. तिथेच बसल्या जागी गेले. मी आणायला गेले तेव्हा डबा मांडीवर तसाच होता.

आणि ताई, ते अजून तिथेच आहेत.

हिला वेड लागलं असं म्हणू नकोस. गाडी थांब्याजवळ आली की दिसतात. तोच राखाडी स्वेटर, काखेत डबा, हात वर. दोनदा मी करकचून ब्रेक मारला. ही ट्राम थोडीच आहे? थांबेपर्यंत थांबा केव्हाच मागे पडला होता आणि पोती पुढे कोसळली होती. चाचणीसाठी केबिनमध्ये शेजारी बसलेल्या साहेबांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "कुत्रं आडवं आलं." तेव्हापासून सगळे मला कुत्रेवाली म्हणतात. साहेब मात्र हसले नाहीत. "बाई, रविवारी पोती नसतील," एवढंच म्हणाले.

त्यांना खरं सांगायला हवं, कळतंय मला. पण सांगितलं तर गाडी पुन्हा हातात देणार नाहीत. आणि मला भीती वाटते, ताई. माझी नाही, रविवारी डब्यात उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसांची.

म्हणून तू ये. रविवारी सकाळी कुंपणाबाहेर त्या थांब्यावर उभी राहा. तू तिथे आहेस हे ठाऊक असलं, की जे कुणी दिसेल ती माझी ताईच, असं स्वतःला बजावून मी गाडी पुढे काढीन. गाडी येईपर्यंत तुमचं दोघांचं बोलायचं राहिलेलं बोलून घे. आता ऐकतील ते.

फक्त हात वर करू नकोस. तुम्ही दोघांनी हात केलात, तर मला थांबावंच लागेल.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी