हात लावू नको

शंकर नगर, रायपूर
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय इंदू,

पहिले घरची खुशाली. घर जागेवर आहे. तुळशीले पाणी घालून राहिलो. भाजीत मीठ कधी दोनदा पडते, कधी पडतच नाही. तू फोन उचलत नाही म्हणून चिरागच्या हाती हे पत्र पाठवतो. पोट्टा म्हणे, "पापा, व्हॉट्सॲप कर दो ना." पाकीट डिंकानं बंद केलं आहे. उघडलेलं दिसलं तर त्याचा कान धर.

त्या दिवशी मंदाकिनीताईंसमोर मी तुझ्यावर ओरडलो, "हात लावू नको मले!" तू तर माझ्या दुखऱ्या खांद्याले मलम चोळायले आली होती. ताईंनी चहा अर्धाच ठेवला अन् संध्याकाळी तुले आपल्यासंगं अभनपूरले नेलं. बहिणीनं तेच करायले पाहिजे.

आता ऐक. माझा खांदा दुखत नव्हता. ते मलमही नव्हतं.

मागच्या वर्षी मी जेवलो की लुढकायचो, तुझ्याकडे पाठ करून झोपायचो. तुले वाटलं, यांचं मन उडालं. मले वाटलं, आपण संपलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर पुरुषांचं जे हार्मोन असते, ते तळाले गेलेलं. तुले सांगायची लाज वाटली. इंजेक्शन सुरू केलं अन् तुले म्हटलं, विटामिन आहे. टोचल्यावर काही दिवस इतका जोर यायचा की गच्चीवरची टाकी मी एकट्यानं धुतली. पुढची सुई जवळ आली की टीव्हीवर हरवलेलं कुत्रं पाहून रडायचो. तू म्हणालीही, "अहो, हे कोणतं विटामिन?"

म्हणून डॉक्टरांनी त्याच औषधाचं जेल दिलं. रोज सकाळी खांद्यावर चोळायचं. तुले म्हटलं, खांदा दुखते, मलम आहे. तब्येत मस्त, रडणं बंद. पण त्यांनी बजावलं होतं, लावलेल्या जागेले बायकोचा हात लागू देऊ नका, औषध तिच्या अंगात जाते, मिशा फुटू शकतात. मी असा घाबरलो की तुझ्या पदरापासूनही सरकून बसायचो. अन् तू तीच ट्यूब बोटावर पिळून आली.

शर्ट घातला असता तरी भागलं असतं, असं डॉक्टर काल म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दोन्हींपैकी समाधान कशात जास्त?" मी म्हटलं, "जेलमध्ये सगळं छान आहे, फक्त बायको घर सोडून गेली." अन् तिथंच मले रडू आलं. ते काही सुईचं नव्हतं.

जेल बंद केलं, परत सुई. म्हणजे कधी टाकी धुईन, कधी रडीन. तेवढं तू सांभाळून घे. मले तुझ्याशिवाय करमत नाही, इंदू, हे मी आधीच सांगायले पाहिजे होतं.

पाहायले आलो होतो तेव्हा तू "हो" नाही म्हणाली, "हव" म्हणाली होती. तेवढंच चिरागजवळ म्हण. बाकी तो मले हिंदीत सांगेल.

हात लावायले आता काहीच हरकत नसलेला,
तुझा
यज्ञेश्वर