मुखपृष्ठावर मासे कशाला?

१२ एप्रिल
आजपासून रोजनिशी. प्रमाण भाषेत. वाचणार कोणी नाही, तरी जिभेला वळण हवे. शेगावात माईक हातात आल्यावर तोंडातून ‘काऊन बे’ निघाले तर संपलेच.

होय, बोलावणे आले! ४ मे, शेगाव, किशोर वाचन मेळावा. मोतीराम सरांचा फोन. रिटायर झाल्यापासून ते पोरांना पुस्तके वाचायला लावतात. म्हणाले, ‘क्षारवनाची राणी’ लिहिणाऱ्या राबिया मॅडम स्वतः येणार, तिसरा भाग नुकताच आला आहे, त्यावर तुम्ही बोला. जिल्ह्यात फँटसी आणि सायन्स फिक्शनवर ब्लॉग लिहिणारे तुम्ही एकटेच. ‘एकटेच’ हा शब्द दोनदा वापरला. दुसऱ्यांदा ‘एवढ्या उन्हात यायला तयार असलेले’ असे पुढे जोडले. सरांना थेट कौतुक जमत नाही.

१३ एप्रिल, दुकानात
गिऱ्हाईक नाही. संग्रामपुरात या उन्हात झेरॉक्स काढणार कोण? चिंतनाला वेळ मिळतो.

मेळाव्यात कोणी विचारलेच तर माझी वाचनपद्धत अशी. पुस्तक मी निवडतो. सुरुवातीची पाने मी वाचतो, त्यात वातावरण कळते. उरलेले कोकिळा वाचते आणि भाकरी टाकता टाकता मला सांगते. मग मी ‘ड्रॅगनचा चष्मा’ या ब्लॉगवर समीक्षा लिहितो. मोठमोठ्या लोकांना असिस्टंट असतात, मला बायको आहे. तिचे नाव ब्लॉगवर टाकत नाही, कारण कथा सांगणे वेगळे आणि समीक्षा वेगळी. तिलाही ते पटत असावे. कधी काही बोलली नाही.

१७ एप्रिल
तिसरा भाग पार्सलने आला. लगेच वाचायला घेतला. पान अकरापर्यंत गेलो. नकाशा, अर्पणपत्रिका, आभार, मनोगत. नकाशा सगळा निळाच निळा. छपाईत शाई जास्त झाली आहे. झोप लागली. ऊन फार आहे.

पुस्तक कोकिळेला दिले.

२० एप्रिल
ब्लॉगवर पोस्ट टाकली : ‘मुखपृष्ठावर मासे कशाला?’ कव्हरवर नुसते मासे. राणी कुठे आहे? जादूगार कालदंत कुठे आहे? आपल्याकडे चित्रकार पुस्तक न वाचताच कव्हर करतात, हे कोणीतरी सांगायलाच पाहिजे होते. कव्हरला दीड स्टार दिला. जरा कठोर झाले. समीक्षकाने मन कठीण करावेच लागते.

२४ एप्रिल
घरात अडथळा. कोकिळा म्हणे, आखाजीले मले मायरी जाऊ द्या. (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.) मलकापूरकडे तिचे माहेर. तिथे आखाजीला सगळ्या लेकी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. शिवाय तिच्या आईचे, अंबूबाईंचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. पट्टी निघाली. नव्या डोळ्यानं पयले पोरीले पाह्यतो, असे अंबूबाई म्हणून राह्यल्या म्हणे.

मी विचारले, पुस्तक किती झाले? म्हणे, अर्धं. मग अर्ध्यावर कोणी उठते का? आखाजी दर वर्षी येते, राबिया मॅडम दर वर्षी येत नाहीत. आणि डोळा काय, आता डोक्यातच बसवला आहे, पळून जाणार नाही. शांतपणे समजावून सांगितले. आवाज दोनच वेळा चढला.

पुस्तक तिकडे नेऊन वाचते म्हणाली. नको म्हटले. झोक्यावर बसून समीक्षा होत नसते.

२७ एप्रिल
तिचा भाऊ कचरू मुराळी म्हणून, तिला माहेरी न्यायला आला. मोटरसायकलवर, एवढ्या उन्हात, बहिणीसाठी साडी घेऊन. माझ्यासाठी टोपी-रुमाल. चहा दिला. मग सांगितले, यंदा जमणार नाही, पुस्तक अर्धे आहे, पुढच्या वर्षी पाहू. तो म्हणे, भाऊजी, मुराळ्याले रिकामं नाई धाडत कोणी. मी म्हटले, रिकामा कुठे जातोस, आणि ब्लॉगची दोन व्हिजिटिंग कार्डे दिली. गावात वाटून दे म्हटले.

कोकिळा बाहेर आलीच नाही. शेजारच्या झुंबरबाईंनी कुंपणावरून पाहिले आणि पदर तोंडाला लावला. या बाईला साहित्यातले काही कळत नाही.

३० एप्रिल, आखाजी
रस-पोळी उत्तम. झुंबरबाईंकडे त्यांच्या दोन्ही लेकी आल्या आहेत, झोका चालू, गाण्यांचा गोंगाट. कोकिळा मागच्या खोलीत खिडकी लावून वाचत होती. मध्ये एकदा डोळे पुसले. पुस्तक भावनिक दिसते. भाषणात हा मुद्दा घेणे.

१ मे
संपले! भाकऱ्या टाकताना तिने सगळे सांगितले. किती दिवसांनी तोंड उघडले, आणि काय सांगितले! कालदंत जादूगाराला डोळे आहेत, पण पाहायचा आळस. राणीला त्याने कैद करून ठेवले आहे. जग कसे आहे ते राणी पाहते, त्याला सांगते, आणि तो राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहून जसे काही स्वतः पाहिले असे लोकांना सांगतो. लोक टाळ्या वाजवतात. राणी म्हणते, मला एक दिवस बापाच्या राज्यात जाऊ दे. तो म्हणतो, युद्ध संपू दे. राणी गप्प बसते. शेवटच्या दिवशी दोघे दरीच्या काठाशी येतात. तो विचारतो, पूल आहे का? राणी म्हणते, हाय ना. तो पाय टाकतो. पूल नसतो.

मी तव्यासमोरच टाळी वाजवली. मग शंका विचारली, इतका बावळट जादूगार असतो का? साधे खाली पाहायचे! ती म्हणे, असते एखादा. म्हटले, शेवटपर्यंत त्याच्या लक्षात कसे येत नाही? ती म्हणे, थेच तं. आणि भाकरी उलटली.

मग मी मासे कुठे आहेत ते विचारले. म्हणे, दरीत खाली पाणी हाय, थ्यात असतीन.

२ मे
पोस्ट : ‘कालदंत, मराठी साहित्यातला सर्वात मोठा मूर्ख’. एका बैठकीत लिहिली. आत्तापर्यंतची सर्वोत्तम. वाचून दाखवली तेव्हा कोकिळा पहिल्यांदा हसली. खूप हसली, पाणी प्यावे लागले. साहित्याने रुसवा जातो तो असा.

३ मे
संकल्प :
कोट घालणे. पॉज घेऊन बोलणे. सत्कारात शाल दिली तर आधी नको म्हणणे. मेळाव्यानंतर कोकिळेला माहेरी पाठवणे, दोन दिवस. (चौथा भाग जाहीर झाला नाही तर.)

४ मे, सकाळी
निघालो. कोकिळेने इस्त्री करून दिली. म्हणे, सांभाळून जा, खाली पाहून चाला. प्रेमळ आहे.

४ मे, संध्याकाळ, शेगाव स्टँड
कचोरी घेतली, खाववत नाही.

नीट लिहून काढतो, म्हणजे डोके शांत होईल. मंगल कार्यालयाचा हॉल, कूलर, खाली सतरंजीवर पोरे. सगळ्यांच्या मांडीवर तिसरा भाग. मी पूल सांगितला. पॉज घेतला. पाय टाकतो, पूल नसतो! एकानेही टाळी वाजवली नाही. मग नौमान नावाचा सातवीतला पोरगा उठला. अदबीने म्हणाला, सर, तिसरा भाग पूरा पाण्याखाली हाय. पयल्या पानापासून. त्याच्यात दरी नाई, पूल नाई. आनं कालदंत तं दुसऱ्या भागातच सुधरला, तो आता राणीचे मासे राखते. (दुसरा भाग कोकिळेने सांगितला तेव्हा मला झोप लागली असावी.)

हॉल फुटला. एका पोरीने कव्हर उंच धरले आणि ओरडली, सर, मासे कशाला? पोरे तेच म्हणत सुटली. तालात. मोतीराम सर शांत बसा म्हणत होते आणि रुमालात हसत होते.

राबिया मॅडम हसल्या नाहीत. ते जास्त झोंबले. त्या म्हणाल्या, हा शेवट माझा नाही, पण माझ्यापेक्षा बरा आहे. कोणाचा आहे?

मी म्हटले, माझा.

त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मग राणी हाय ना म्हणते, त्या आधी ती किती दिवस गप्प होती? तिच्या मनात काय चालले होते? मी पॉज घेतला. तो संपेचना. म्हणजे मी ते विचारलेच नव्हते ना! शेवटी म्हणालो, राणीच्या मनाचा या कथेत संबंध येत नाही. मॅडम म्हणाल्या, ज्याचा कुणाचा हा शेवट आहे, त्याला म्हणावं पुढचं लिही, मी छापवून देते. आणि कूलरकडे तोंड फिरवून बसल्या.

शाल दिली. नको म्हणायचे राहून गेले.

तरी एकूण फायदाच आहे. छापवून देते म्हणाल्या! पुढचे कोकिळा सांगेल. आजच भाकरीच्या वेळी सुरुवात करू.

४ मे, घरी
कुलूप. किल्ली झुंबरबाईंकडे. म्हणे, तुमची बस निंगाली आनं कचरू आला, वळणावरच थांबून होता बिचारा. बाई नवी साडी नेसून गेली. भाकरी टोपल्यात आहे. पुस्तक देवळीत, आत खूण म्हणून माझे व्हिजिटिंग कार्ड. पान अकरावर.

५ मे
फोन लावला. म्हटले, राबिया मॅडम पुढचे छापवून देणार आहेत, राणीचे पुढे काय झाले? ती म्हणे, मायची तब्येत तरी इचारा. विचारली. म्हणे, बरी हाय, दोन्ही डोळ्यांनं पाहून राह्यली. मग परत विचारले, राणीचे? म्हणे, राणी घरी गेली. मग? मग काई नाई. फोन ठेवला.

काऊन ठेवला बे असा फोन? मी काय मारलं का तिले? (प्रमाण भाषेचा नियम उद्यापासून पुन्हा.)

११ मे, मलकापूरहून परत येताना
स्वतः आणायला गेलो. एवढा मोठेपणा कोण दाखवतो? अंबूबाईंनी बाजेवर बसवले. बाजेचा एक पाय आखूड, त्याखाली माझे दुसरे कार्ड घडी घालून सारलेले. चहा दिला. खिडकीतून कोकिळा दिसत होती, मान खाली घालून लिहीत होती. हाक मारली, वर पाहिले नाही. अंबूबाई म्हणे, जावईबापू, त्या शेगावच्या पुस्तकवाल्या बाईचा फोन येऊन गेला, आमच्या कचरूनं शेगावले जाऊन नंबर देला. पोरगी लिऊन राह्यली. अर्ध्यावर उठवता येत नाई. पुढच्या वर्षी पाहू.

कचरू फाट्यापर्यंत सोडायला आला. रिकामे नको म्हणून टोपी-रुमाल दिला. आधीचाच होता, माझ्या घरून कोकिळा परत घेऊन गेली होती.

बसमध्ये ठरवले, आता तिसरा भाग स्वतः वाचायचा. पान अकरा. नांदुऱ्याच्या पुढे झोप लागली. दचकून उठलो, खिडकीला पडदा, बाहेर पाहायचा कंटाळा. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारले, संग्रामपूर आलं का?

म्हणे, हाय ना.

उतरलो. नुसता फाटा होता.