सुचिताच्या कुलूपबंद घरचा नळ

पांढुर्णा,
मंगळवार (जुन्या टाकीच्या हिशेबानं आज पाण्याचा दिवस)

प्रिय सुचिता हिला नलिनीचा सप्रेम नमस्कार.

तुझे गुडघे, तुझा चष्मा आणि तुझा राग हे तिन्ही भोपाळच्या हवेत बरे असतील, असं मी धरून चालते. रोशनला आणि सूनबाई मानसीला आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, फक्त आपली जुनी टाकी पाडली. (फोटो रोशनला पाठवले आहेत, पण फोटोत धूळ दिसत नाही. माझ्या कुरडयांवर बसलेली मी अजून झटकते आहे.)

नवी टाकी चांगली उंच आहे. मोटर बटणावर चालते आणि आवाजच करत नाही. पूर्वी कवडूनं पंपघरातली मोटर चालू केली की तुझ्या मांडणीतल्या वाट्या वाजायच्या, आणि त्या ऐकून मी बादल्या उचलायची. आता पाणी कधी येतं ते कळत नाही, कारण ते जातच नाही. पहिल्या दिवशी हे कोणालाच पटलं नाही. तीस वर्षं दर तिसऱ्या दिवशी पाणी भरलेली माणसं आपण. सगळ्यांनी ड्रम भरले, हंडे भरले, फराळाचे डबे भरले, आणि मी तर वरण वाटीत काढून पातेलंसुद्धा भरलं. नऊ वाजता नवीकोरी टाकी कोरडी. कवडू दारात येऊन म्हणाला, "काकू, पानी भरून राहिल्या का टाकीच घरी आणून राहिल्या?"

पण लिहायचं होतं ते वेगळंच. नव्या टाकीचं कनेक्शन राहत्या घरालाच मिळणार, बंद घर यादीतून बाद. आणि तुझ्या घराला आठ महिन्यांपासून कुलूप. (किल्ली माझ्याकडे. टाकीखालच्या नळावर नंबरात ठेवलेली तुझी बादली कोणीतरी मागं सरकवली, तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. तरी भोपाळला जाताना किल्ली माझ्याच हातात ठेवलीस, तीही न बोलता.) मग सर्वेच्या सकाळी मी तुझं कुलूप काढलं, अंगणात सडा टाकला, दोरीवर माझ्या दोन साड्या वाळत घातल्या आणि सुचिता होऊन दारात बसले.

सर्वेवाले चेतनभाऊ आले, तुझं नाव विचारून घेतलं आणि प्यायला पाणी मागितलं. आता तुझ्या घरात पाणी कुठलं? मी "आणते" म्हणून मागच्या दारानं माझ्या घरी धावले. तांब्या भरून निघते तोच चेतनभाऊ माझ्याच दारात उभे. आमच्या ह्यांनी त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हे काय, हेच आमची नलिनी." (एरवी हाक मारली तर ऐकू येत नाही या माणसाला.)

चेतनभाऊंनी तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काकू, तुमी दोन्ही घरी राहून राहिल्या का?"

मग खरं सांगितलं. घर मैत्रिणीचं आहे, ती येणार आहे. ते म्हणाले, सोमवारी पुन्हा येतो, मालकीण दिसली तर ठीक, नाही तर नाव कटलं. तेव्हा रविवारच्या गाडीनं ये. तुझ्या नळाचा प्रश्न आहे.

आता घरोघरी नळ आले, त्यामुळे कोणी कोणाला भेटत नाही. मी सवयीनं रिकामी बादली घेऊन टाकीच्या जागेपर्यंत जाते आणि तशीच परत येते. बाकीच्या बायकांचं काय ते मला माहीत नाही. मला तुझी फार आठवण येते.

तुझी,
नलिनी

ता. क. सोमवारची गोष्ट मी रचली. चेतनभाऊ हसले आणि तिथंच तुझं नाव लिहून गेले. नळ बसला, पाणीही आलं. रोज सकाळी तो उघडून मी तुझ्या तुळशीला एक तांब्या घालते. तरी रविवारच्या गाडीनं ये.

आणखी एक. बादलीच्या वेळी मी देवाची शपथ घेऊन आपल्या रांगेतल्या चंचलचं नाव सांगितलं होतं, ते तुला पटलं नाही ते बरोबरच. बादली मीच सरकवली होती. तुझा नंबर पहिला लागला की तू भरून लगेच घरी जायचीस, आणि मला तुझ्याशी अजून थोडं बोलायचं असायचं.