टाकीतलं पोवळं, बोटातलं पोवळं

मामा,

आज दुकानात कडा गावची एक बाई आली होती. मुलाच्या पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून पोवळ्याची अंगठी हवी होती. मी ट्रे पुढे ठेवला, भिंग दिलं, खऱ्या पोवळ्यातल्या बारीक रेषा कशा ओळखायच्या ते सांगितलं. तिनं ट्रेकडे बघितलंच नाही. माझ्या बोटाकडे बघत म्हणाली, "तुमच्या बोटातलं खरं हाय का?" मी तुमचं नाव पुढे केलं, म्हणाले, सासऱ्यांनी दिलंय. तर म्हणते, "म्या सासऱ्याचं न्हाई इचारलं, पोवळ्याचं इचारलं." तुम्ही असता तर खूश झाला असता. तुमच्या जातकुळीची होती ती. मी विषय बदलला, माल दाखवला, ती घेऊन गेली. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन पाटोद्याला आले तेव्हा सराफी कशी चालते ते मला माहीत नव्हतं. आपल्या दुकानातला एक नियम मला पहिल्याच आठवड्यात कळला. एकानं तोललेलं दुसऱ्यानं पुन्हा तोलायचं, आणि पहिल्याचं वजन न विचारता तोलायचं. मुलगा असो, बायको असो, विचारायचं नाही. "इचारलं की मानूस दुसऱ्याच्या डोळ्यानं बघतो," असं तुम्ही म्हणायचात. मला ते फार थंड वाटलं होतं. माझ्या माहेरी लातूरला आमचे बाबा कुणाच्याही शब्दावर पैसे देऊन मोकळे व्हायचे. इथे तुम्ही माझी पत्रिकासुद्धा दोन ठिकाणी दाखवून आणली होती. मंगळ नव्हता, दोन्ही ठिकाणी नव्हता, तरी तुमची खात्री पटायला साखरपुडा उजाडला.

मग सोन्याची आयात खुली झाली. बीडला काचेच्या दारांची, थंडगार हवेची दुकानं निघाली आणि आपलं गिऱ्हाईक एसटीत बसून तिकडे जायला लागलं. तुम्ही मुंबईला गेलात आणि ती टाकी घेऊन आलात. खाऱ्या पाण्याची, आत खडक, दोन नारिंगी मासे आणि खडकाला चिकटलेलं जिवंत पोवळं. ज्याला आपल्या पोवळ्याची शंका आहे त्यानं जिवंत पोवळं डोळ्यांनी बघावं, असा तुमचा हिशेब. आत्याबाई तुमच्या बायको, पण त्याही दारातच अडल्या. आपल्या शिवभक्तांच्या दुकानात मासे? तुम्ही म्हणालात, "खायाचे न्हाईत, बघायचे हाईत." लोकं पाटोद्याच्या बाजाराला आली की आधी टाकी बघायला यायची. नाक काचेला लावून बघायची आणि मागे वळून विचारायची, "आन् हे लाल कावून न्हाई?" टाकीतलं पोवळं तपकिरी-हिरवट, मऊ बोटांसारखं हलणारं होतं. तुम्ही न अडखळता सांगायचात की लाल लई खोल समुद्रात असतं, हा त्याचा चुलतभाऊ. संशयी माणूस खोटं किती सफाईनं बोलतो ते मी तेव्हा बघितलं. तसं ते पूर्ण खोटंही नव्हतं.

मी केमिस्ट्री शिकले होते म्हणून टाकी माझ्या गळ्यात आली. खरं सांगते, मला आनंद झाला होता. टाकीच्या निमित्तानं का होईना, मला दुकानात उभं राहता येत होतं. गादीवर बसून माल बघायला शिकावं ही माझी इच्छा तुम्हाला ठाऊक होती. तुम्ही हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. नुसते बघत होता. रोज पाण्यात एका बाटलीतलं औषध टाकायचं, पोवळ्याला हाडं धरायला लागतं ते चुन्याचं औषध, एक टोपण. दुकान उघडलं की मी ते टाकायचे. तुमच्या डब्यातली खोटी पोवळी मी लांबून बघायचे. फेरीवाल्यांनी तुम्हाला फसवायला आणलेली, काचेची, रंगवलेल्या हाडाची. तुम्ही ती फेकत नव्हता. नवा कारागीर आला की खऱ्यांत एक मिसळून त्याच्यापुढे ठेवायचात आणि तोंडाकडे बघत बसायचात.

आणि एक दिवस टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं. पंपावर चुन्याचं कवच बसलं होतं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते, आणि पोवळ्यानं अंग आत ओढून घेतलं होतं. दुकानात गिऱ्हाईक होतं. तुम्ही आधी समोरच्या सराफाचं नाव घेतलंत, मग मुंबईच्या विक्रेत्याचं, आणि मग सगळ्यांदेखत मला विचारलंत, "सूनबाई, किती टाकलं?" मी म्हणाले, एक टोपण. तुम्ही बाटली उचलून उजेडात धरलीत. ती जवळजवळ रिकामी होती. "एका टोपनानं एवढी सरती का?" तुम्ही ओरडला नाहीत. फक्त म्हणालात, "उद्यापासून घरीच थांब." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं ते. मला अपमानापेक्षा भीती जास्त वाटली. तुमचा एकदा उठलेला विश्वास परत बसलेला कुणी बघितला नव्हता.

यांना सगळं पाणी फेकून नवं भरायचं होतं. मीच अडवलं. पाणी एकदम बदललं तर जे जगलंय तेही मरेल, एवढं मला कळत होतं. एसटीडी बूथवरून मुंबईला फोन केला, विक्रेताही तेच म्हणाला, थोडं थोडं बदला. त्याच्यावरही माझा विश्वास नव्हता, मीठ तोच विकत होता ना. पण दुसरा कोण होता विचारायला? आपल्या बोअरचं पाणी मुळातच चुनखडीचं. म्हणून बसस्टँडजवळच्या बॅटरीवाल्याकडून शुद्ध पाण्याचे कॅन आणवले, त्यात मीठ कालवलं आणि नळीनं एक बादली काढायची, एक बादली घालायची, असं सुरू केलं. पंप सोडवून लिंबाच्या रसात बुडवला, चुना फसफसून निघाला. तुम्ही मला घरी थांबायला सांगितलं होतं आणि मी दुकानात फरशीवर बसून बादल्या भरत होते. तुम्ही गादीवरून बघत होता. हाकललं मात्र नाहीत. मदतीला बघताय की पाळतीला, ते मला आजवर कळलेलं नाही.

औषध बंद करायचं म्हणून ती बाटली मी कुणाला न सांगता घरी नेली. मीही तेव्हा तुमच्याच घरची झाले होते म्हणायची. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर यांनी टाकीखालचं कपाट उघडलं आणि आत काहीतरी चाचपडायला लागले. दुपारी आत्याबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या, तुमची पाठ वळल्यावर त्याही तिथेच वाकल्या. आणि कलत्या उन्हात, दुकानात गिऱ्हाईक नसताना, तुम्ही गादीवरून उठलात, धोतर सावरलंत आणि कपाटात हात घातलात. मी बादली खाली ठेवली.

"मामा, काय हुडकताय?"

"काय न्हाई."

"बाटली घरी हाय. माझ्याकडं."

तुम्ही हात बाहेर काढलात. मग मी यांना आणि रिकाम्या डब्यासाठी थांबलेल्या आत्याबाईंना विचारलं. हे म्हणाले, "तू इसरशील म्हणून मी टाकत होतो." आत्याबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मीबी टाकायचे. हिनं टाकलं नसंल असं वाटायचं." मग सगळे तुमच्याकडे बघायला लागले.

"मी मालक हाय. मी बघून घेत होतो," तुम्ही म्हणालात.

"बघून का टाकून?" हे मी विचारलं. डोक्यावरचा पदर सावरत विचारलं, पण विचारलं.

तुम्ही हात धोतराला पुसलात. "टाकून," म्हणालात.

बास, एवढंच. सोनं कितीदाही तोललं तरी तेवढंच राहतं. औषध दुसऱ्यानं पुन्हा ओतलं की दुप्पट होतं, तिसऱ्यानं ओतलं की तिप्पट. कुणी कुणाला एक शब्द विचारला असता तर भागलं असतं. पण न विचारणं हाच आपल्या दुकानाचा नियम होता. समोरच्या सराफानं विष घातलं असतं तरी आपण चौघांनी मिळून घातलं तेवढं त्याला जमलं नसतं.

एक मासा गेला. खडकाच्या एका बाजूचं पोवळं मेलं ते मेलंच, पांढरं हाड उरलं. दुसऱ्या बाजूचं बरेच दिवस मिटून होतं. मग एका सोमवारी सकाळी मी झाकण उघडलं तर त्यानं एकेक बोट बाहेर काढलं होतं. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही पूजा आटोपून कपाळाला भस्म लावून आला होता. वाकून बघितलंत. काचेत तुमचा चेहरा दिसत होता, तो मी कधी न बघितलेला होता. मग गल्ल्यावर कागदाची एक पुडी ठेवलीत. आत ही अंगठी. "घाल. मंगळ हाय तुला." मला मंगळ नाही हे सगळ्या तालुक्यात तुमच्याइतकं पक्कं कुणाला माहीत होतं? मी घातली. दुसऱ्या दिवशी तुम्ही गादीवर मला जागा करून दिलीत आणि भिंग माझ्याकडे सरकवलंत.

ती अंगठी तुम्ही तोलली नव्हती, मामा. माझ्या देखत त्या दुकानातून न तोलता बाहेर पडलेली ती एकच वस्तू. म्हणून मी इतकी वर्षं समजत आले की ती माफी होती. पण तुमचा तो खोट्या पोवळ्यांचा डबाही मला आठवतो, आणि नव्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसायची तुमची सवय. त्या दिवशीही तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता. डब्यातलं एखादं बसवून दिलं असेल, ही ओळखते का बघू म्हणून, आणि मी ओळखलं नाही म्हणून काही बोलला नसाल? रंगवलेलं असतं तर एव्हाना रंग उडाला असता, अशी मी मनाची समजूत घालते. मग आठवतं, काचेचा रंग उडत नाही.

टाकी केव्हाच गेली, तुम्हीही गेलात, डबा मी जपून ठेवला आहे. हा कागद घरात कुणाला दाखवणार नाही. दाखवला तर कुणीतरी अंगठी मागेल आणि न विचारता भिंगाखाली धरेल. आपलंच घर आहे, मला माहीत आहे. दिवसभर मी जगाची पोवळी तपासते, भिंग माझ्या हाताशीच असतं. कड्याची बाई गेल्यावर मी अंगठी काढली, भिंग उचललं, आणि अंगठी परत बोटात घातली. हिच्यात रेषा आहेत की नाहीत, ते मी अजून बघितलेलं नाही.